डेल्टा माइकचा आवाज

धनपाल मगदूम सकाळीच वारले होते असं कागदावर लिहिलेलं होतं, आणि नेत्रा चौगुले त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलत होती.

कागद कट्टीसाहेबांनी आणला. मे महिन्यातली दुपार होती. कोल्हापुरातल्या कॉलेजच्या रेडिओ प्रयोगशाळेत पंखा नुसता फिरल्यासारखं करत होता. कट्टीसाहेबांनी छत्री दाराला अडकवली, खुर्ची ओढली, शवचिकित्सेच्या अहवालाची प्रत टेबलावर ठेवली आणि उडू नये म्हणून तिच्यावर चष्म्याचं घर ठेवलं.

"मानपत्र लिहून झालं?"

"शेवटचा परिच्छेद राहिलाय."

"राहू दे. आधी हे वाच."

नेत्रानं वाचलं. मग पुन्हा वाचलं. मृत्यूचं कारण हृदयविकार, आणि अंदाजे वेळ गेल्या ऑगस्टमधल्या पुराच्या दिवसाची सकाळ.

"डॉक्टर चुकले असतील," ती म्हणाली.

"तासाभरानं चुकतात. अख्ख्या दिवसानं नाही चुकत." कट्टीसाहेब तार खात्यातून निवृत्त झालेले आणि जिल्ह्यातले सर्वांत जुने हौशी रेडिओचालक. नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं झालं तरी ते आधी नियम वाचून टाकत. "पोरी, दिवसभर तू बोलत होतीस तरी कुणाशी?"

राज्य सरकारनं त्या वर्षी पहिल्यांदाच हौशी रेडिओचालकांचा सन्मान करायचं ठरवलं होतं. ही माणसं म्हणजे कुणी शिक्षक, कुणी कारकून, कुणी दुकानदार. परीक्षा देऊन परवाना काढायचा, पदरमोड करून रेडिओसंच घ्यायचा आणि एरवी दर रविवारी सकाळी एकमेकांशी एरियल आणि हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. पण पूर आला, दरड कोसळली, की बाकी सगळी यंत्रणा आंधळी होते आणि मग हीच माणसं बिनपगारी बोलत बसतात. वडसंगीत बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान चालवणाऱ्या धनपाल अण्णांचं नाव समितीत एकमतानं आलं होतं. मानपत्र नेत्रानं लिहायचं, कारण पुरात कोल्हापूरचं नियंत्रण केंद्र तिनं सांभाळलं होतं.

"दोनच शक्यता," कट्टीसाहेब म्हणाले. "एकतर हा कागद खोटा, नाहीतर तुझं यंत्र खोटं. यंत्र खोटं ठरलं तर सन्मान राहिला बाजूला, पावसाळ्याच्या आत ते प्रत्येक केंद्रावरून उतरवावं लागेल. सोमवारी समितीला उत्तर द्यायचंय."

"आणि तिसरी शक्यता?"

"ती मला विचारू नकोस. संध्याकाळचा घरी एकटाच असतो मी."

ते हसले नाहीत. नेत्राही हसली नाही.

यंत्राचं नाव होतं 'स्पष्टक', आणि ते नेत्राच्याच गटानं बनवलं होतं. कल्पना तशी सोपी होती. दूरच्या, मरतुकड्या बॅटरीवर चालणाऱ्या संचाचा आवाज खरखरीत बुडून जातो. जुनी गाळणी ती खरखर कमी करत, पण तिच्याबरोबर शब्दही गाळून टाकत. स्पष्टक गाळत नसे, अंदाज करत असे. प्रत्येक संच सुरू होताना त्याची लहर क्षणभर आपल्या तऱ्हेनं डगमगते, आणि दोन संचांची डगमग कधी सारखी नसते. अंगठ्याचा ठसाच म्हणा ना. त्या ठशावरून स्पष्टक बोलणारा तोंड उघडायच्या आत ओळखे की हा अमुक. मग त्या माणसाच्या जुन्या संभाषणांवरून तयार केलेला आवाजाचा साचा बाहेर काढी आणि खरखरीत जे काही तुटकं हाती लागेल, ते त्या साच्यात ओती. जिथं काहीच हाती लागलं नाही, तिथं हा माणूस एरवी काय बोलला असता ते घाली. अर्धवट पुसलेलं पत्र आपण ओळखीच्या माणसाचं असेल तर वाचू शकतो, तसंच.

गेल्या ऑगस्टमध्ये कृष्णेनं वडसंगीला तिन्ही बाजूंनी वेढलं, तेव्हा मोबाइलचे मनोरे बंद पडले, वाऱ्यात ड्रोन टिकेनात, आणि उपग्रहफोनवर सबंध राज्यच एकदम बोलू पाहत होतं. अण्णा तेवढे सकाळपासून बोलत होते. मग मध्येच गप्प झाले. नेत्रानं हाकांवर हाका मारल्या. बऱ्याच वेळानं पडद्यावर त्यांच्या परवान्याच्या नावाची शेवटची अक्षरं उजळली, 'डेल्टा माइक', म्हणजे रेडिओच्या भाषेत डी आणि एम, आणि त्यांचा तो संथ, पानाचा तोबरा भरल्यासारखा आवाज आला:

"ठीक आहे. पुढे चालू."

"अण्णा! घाबरवलंत की हो!" नेत्रा आनंदानं ओरडली होती. "आवाज छान येतोय. पाच-नऊ!"

रेडिओवाले समोरच्याला त्याचा आवाज कसा येतोय ते आकड्यांत सांगतात. पहिला आकडा स्पष्टपणाचा, पाचपैकी. दुसरा ताकदीचा, नऊपैकी. पाच-नऊ म्हणजे शेजारी बसून बोलल्यासारखं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत अण्णा सांगत राहिले. शाळेच्या गच्चीवर माणसं आहेत. पाणी खिडकीला लागलं. देवळाजवळ विजेची तार पाण्यात लोंबतेय, होडी रस्त्यानं आणू नका, उसाच्या अंगानं आणा. होडी उसाच्या अंगानं गेली आणि गच्चीवरचा एकूणएक माणूस सुखरूप आला. अण्णांचा शेवटचा संदेश होता, "होडी दिसली." दुसऱ्या दिवशी कळलं, अण्णा गेले.

होडी पोचल्यावर गेले, असंच सगळ्यांनी धरलं होतं. कुणी वेळ विचारलीच नव्हती.

कट्टीसाहेब गेल्यावर नेत्रानं एक साधा प्रयोग केला. वाहिनीवर कुणीच बोलत नसतानाची कोरी खरखर तिनं स्पष्टकला ऐकवली. यंत्र गप्प राहिलं. मग तिनं त्या खरखरीच्या सुरुवातीला अण्णांच्या संचाचा ठसा चिकटवला.

कर्ण्यातून एक श्वास आला.

मग खाकरणं. मग त्या रिकाम्या खरखरीतून संथ, ओळखीचा आवाज म्हणाला, "ठीक आहे. पुढे चालू."

नेत्रानं कर्ण्याची वायर उपटली. बाहेर लख्ख ऊन होतं, मैदानावर पोरं क्रिकेट खेळत होती, आणि तिच्या दंडावर काटा उभा राहिला होता.

म्हणजे कट्टीसाहेब म्हणतात ते खरं. यंत्र शून्यातून बोलू शकत होतं. पण शून्याला विजेची तार कुठं लोंबतेय ते कळत नाही. खरखरीला उसाची वाट ठाऊक नसते. तो मजकूर कुणीतरी बघून सांगितला होता, आणि तोही अण्णांच्याच संचावरून, कारण ठसा त्यांचा होता. हे एवढं पक्कं झाल्यावर मात्र तिला जास्तच भीती वाटली. त्या रात्री तिला झोप लागली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. लागली, पण अण्णा सकाळी गेलेत हे ठाऊक असूनही त्यांच्याशी बोलत राहिलेली कुणी मुलगी तिच्या स्वप्नात पुनःपुन्हा 'पाच-नऊ' म्हणत होती.

सकाळी तिनं स्पष्टकच्या पोटात शिरण्याआधीचं, कच्चं ध्वनिमुद्रण काढलं. कानानं त्यात काही लागत नव्हतं. म्हणून तिनं ते पडद्यावर चित्ररूपात मांडलं: लहर कधी उठली, बोलणं कधी सुरू झालं.

आणि तिथं ते होतं.

शाळेत असताना जयसिंगपूरच्या विज्ञान प्रदर्शनात अण्णांनीच तिच्या हातात पहिल्यांदा माइक दिला होता. नवखा माणूस बटण दाबतो आणि त्याच क्षणी बोलायला लागतो. संच जागा व्हायला निमिषभर लागतं, त्यात पहिलं अक्षर गिळलं जातं. अण्णा प्रत्येक पोराला सांगत, "बटण दाब. श्वास घे. मग बोल." चित्रात सकाळचे सगळे संदेश तसेच होते. आधी लहर उठलेली, मग श्वासाएवढी मोकळी जागा, मग बोलणं. ती मोठी शांतता पडली, तिच्यानंतरच्या एकाही संदेशात ती मोकळी जागा नव्हती. लहर आणि बोलणं एकदमच. प्रत्येक वाक्याचं डोकं उडालेलं. ती डोकी स्पष्टकनं आपल्या मनानं बसवली होती.

अण्णा मरतानासुद्धा श्वास घेऊन बोलले असते. त्या शांततेनंतर बोलणारं माणूस नवखं होतं.

वडसंगीच्या भिंतींवर पुराची रेघ अजून दिसत होती, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. राजमतीकाकू, अण्णांच्या पत्नी, ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"जय जिनेंद्र, काकू."

"ये ये. वाट चुकलीस?" त्यांनी सूप सरकवून जागा केली. "मानपत्राचं विचारायला आलीस जणू. फोटो हाय एक ह्यांचा, पण त्यात लई रागावल्यासारखे दिसत्यात."

नेत्रानं वाटेत बरीच प्रस्तावना जुळवली होती. त्यातलं काहीच तिला आठवलं नाही. "काकू, माडीवरचा संच चालू आहे का अजून?"

काकूंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"बॅटरीत पाणी घालायचं एकदा बी चुकलं न्हाई," त्या म्हणाल्या.

माडीवर संच धुतलेल्या पंच्याखाली झाकून ठेवला होता. समोर खिडकी. खिडकीतून देऊळ, शाळेची गच्ची, मागं ऊस. नेत्रानं आत पाऊल टाकलं आणि तिथंच थबकली. इथं बसून जे दिसतं, तेच तिला त्या दिवशी शब्दांत ऐकू आलं होतं.

तिनं एरियल काढून त्याजागी चाचणीचा डबा जोडला, म्हणजे आवाज पुरात होता तितका क्षीण होईल. स्पष्टक बसवलेला छोटा संच स्वतः घेतला. "काकू, मी शेताच्या टोकाला जाते. तुम्ही हे बटण दाबा आणि काहीही बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

काकूंनी तिच्याकडं बघितलं. नाही म्हणायची ती वेळ होती, आणि दोघींनाही ते कळत होतं. मग काकूंनी माइक हातात घेतला, आणि ज्या सवयीच्या हातानं घेतला, त्यावरूनच नेत्राला उत्तर मिळालं.

तरीही ती उसाच्या बांधापर्यंत चालत गेली. भर दुपार. चिटपाखरू नाही. हातातल्या संचाच्या पडद्यावर 'डेल्टा माइक' उजळलं.

"नेत्रा," धनपाल अण्णा म्हणाले, "ऐकू येतंय का? ऊन फार आहे. टोपी घाल."

ती खाली बसली. बांधावरच्या गवतात, तशीच.

"पुढे चालू," अण्णा म्हणाले.

ती परत माडीवर आली. काकू खिडकीशी उभ्या होत्या.

"टोपी घाल म्हणालात?"

"टोपी? न्हाई गं. डोक्यावर ओढणी घे म्हटलं."

अण्णा उन्हात पोरांना नेहमी टोपी घालायला सांगत. साच्यात टोपी होती, ओढणी नव्हती. नेत्राला ते समजलं, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न आला. तो विचारू नये असं तिला फार वाटलं.

"काकू, त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा काय बोललात?"

"पहिल्यांदा?" काकू पंच्याची घडी घालत होत्या. "बॅटऱ्या वर आणून झाल्या आणि हे बसले, ते उठलेच न्हाईत. कानात णमोकार मंत्र म्हटला. हातपाय सरळ केले. तू हाका मारत होतीस, ह्या संचातनं. मग बटण दाबलं आणि म्हटलं, हे गेले. कुणीतरी या."

नेत्रानं हातातला संच खाली ठेवला.

"तू काय म्हणालीस, आठवतंय?"

"काकू..."

"'आवाज छान येतोय, अण्णा. पाच-नऊ.'" काकूंनी ते अगदी नेत्राच्या त्या आनंदी सुरात म्हटलं. टोमणा नव्हता त्यात, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. "मला वाटलं, पोरगी येडी झाली. परत सांगितलं, हे गेले. परत तू आपली, अण्णा, अण्णा."

कुणीही माणूस स्वतःबद्दल 'गेले' असं सांगत नाही. स्पष्टकच्या हिशेबात अण्णांच्या तोंडी ते वाक्य यायची शक्यता जवळपास शून्य होती. म्हणून यंत्रानं ते बाजूला सारलं आणि त्या जागी अण्णा सगळ्यांत जास्त वेळा जे म्हणत, ते घातलं. ठीक आहे. पुढे चालू. नेत्राच्या गटानं या गुणाबद्दल एक शोधनिबंधही लिहिला होता. अशक्य वाक्यं टाळण्याची क्षमता, असं तिथं म्हटलं होतं.

"मग मी ह्यांच्याकडं बघितलं," काकू सांगत होत्या. "आणि मनात आलं, हितं गेलेत, पण तिकडं अजून न्हाई गेले. त्या पोरीकडं अजून बोलत्यात. मग कशाला सांगा? तार दिसली, ते सांगितलं. गच्चीवरची माणसं मोजली, ते सांगितलं. थांबायचं भ्या वाटायचं. मी थांबले असते, तर तिकडं बी गेले असते."

खालच्या रस्त्यावरून एक इलेक्ट्रिक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज येत नव्हता, फक्त चाकांखालचे खडे वाजले.

"हे तुझं यंत्र," काकू म्हणाल्या, "हितं ठेवून जा."

"काकू, त्यात अण्णा नाहीत. बोलता तुम्हीच."

"ठाऊक हाय की. एवढी वर्षं तरी काय वेगळं होतं? मीच बोलायची. हे नुसते 'पुढे चालू'." त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला.

नेत्रानं मानपत्राचं सांगितलं. कागदाचं, समितीचं, सोमवारचं. तुमचं नाव द्यावं लागेल, म्हणाली.

"माझं नाव न्हाई घालायचं." काकूंचा आवाज एकदम कोरडा झाला. "मला परवाना न्हाई. हे दोनदा म्हणाले, परीक्षा दे. मी म्हटलं, भाकरी कोण करणार? ह्यांचं मोठेपण ह्यांच्याकडंच राहू दे. मेल्या माणसाचं काढून जित्या बाईला द्यायचं, ही कुठली रीत?"

"आणि पुढच्या पुरात? दुसरी कुणीतरी 'हे गेले' म्हणेल, आणि मी पुन्हा 'पाच-नऊ' म्हणू?"

काकूंनी संचावर पंचा परत पसरला. मग म्हणाल्या, "दिवस मावळायच्या आत जेवून जा."

नेत्रा जेवली. शेंगांची आमटी, भाकरी. निघताना तिनं एरियल परत जोडलं आणि यंत्राची पिशवी खांद्याला लावली, तेव्हा काकू पिशवीकडं बघत होत्या. सासरी निघालेल्या लेकीकडं बघावं तसं नव्हे. तिरडीकडं बघावं तसं.

"म्हणजे तिसरी शक्यता," कट्टीसाहेब म्हणाले. नेत्रानं सगळं सांगितलं होतं, नाव सोडून.

"यंत्रानं एका माणसाच्या तोंडात दुसऱ्याचा आवाज घातला. संदेश खरे होते. बोलणारं माणूस जिवंत आहे."

"नाव?"

"मी देऊ शकत नाही."

"परवाना?"

"नाही."

कट्टीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. संच कुणाच्या माडीवर आहे आणि त्या घरात दुसरं कोण होतं, हे त्यांना कळायला तार खात्यात नोकरी करायची गरज नव्हती. "नावाशिवाय समिती पुढं जाणार नाही. सन्मान लांबणीवर पडेल. रद्दही होईल."

"होऊ दे. साचे मी आजच काढतेय, सगळ्या केंद्रांवरचे. खरखर तर खरखर."

"चार वर्षांचं काम आहे तुझं."

"हो."

ते उठले. दारापाशी जाऊन छत्री काढली आणि तिच्याकडं पाठ असतानाच म्हणाले, "माझा साचाही आहे ना त्यात? आधी तो पूस. माझ्यामागं कुणी बोलायला नको."

तिनं एकेक साचा पुसला. अण्णांचा शेवटी ठेवला. अण्णा गेले हे तिला ऑगस्टमध्येच कळलं होतं, तरी त्या बटणावर बोट ठेवून ती किती तरी वेळ बसली. जगात ज्या एका जागी ते अजून 'पुढे चालू' म्हणत होते, ती जागा हीच. एकदा ऐकावं का? कर्ण्याची वायर हाताशीच होती. तिनं ती उचलली, आणि परत ठेवली. मग न ऐकताच पुसलं.

रेडिओवाल्यांत एक रीत आहे. कुणी गेलं की रविवारच्या बैठकीत त्याला शेवटची हाक मारायची, त्याचा संच उत्तर देईल एवढा वेळ सगळ्यांनी माइक खाली ठेवायचा, आणि मग त्याचं नाव हजेरीतून काढायचं. अण्णांची हाक सन्मान होईपर्यंत राहू द्या, असं ठरलं होतं. आता सन्मानाचं काही खरं नव्हतं. मृग चार दिवसांवर आला होता. पुढच्या पुराच्या आत हजेरी खरी असायला हवी होती.

त्या रविवारी सकाळी नेत्रानं नियंत्रण घेतलं. साचे नसल्यानं सगळ्यांचे आवाज जसे होते तसे येत होते: कुणाचा फाटका, कुणाचा बुडबुड्यातून आल्यासारखा. इचलकरंजीचे एक मास्तर कुरकुरले, "काय हो, नेटकं ऐकू येत होतं की इतके दिवस."

शेवटी ती म्हणाली, "आता आपल्या एका सोबत्याला शेवटची हाक." तिनं अण्णांचं रेडिओनाव पूर्ण उच्चारलं. "डेल्टा माइक, वडसंगी. नियंत्रण ऐकत आहे."

आणि बटण सोडलं.

खरखर. जिल्हाभर पसरलेली माणसं आपापल्या घरी त्या खरखरीपुढं गप्प बसली होती.

पडद्यावर 'डेल्टा माइक' उजळलं.

नेत्रा पडद्याजवळ सरकली. साचा तिनं स्वतः पुसला होता. ठसा ओळखायचा भाग तेवढा राहिला होता, एवढं तिला ठाऊक होतं. ठाऊक असून उपयोग नव्हता.

"...जमती बोलतेय," खरखरीतून आलं. बारीक, वर चढलेला, भांबावलेला आवाज. तिनं तो वाहिनीवर या आधी कधीच ऐकला नव्हता.

ती बोलायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की आपणच श्वास घेतलेला नाही. तिनं बटण दाबलं. थांबली.

"काकू, पहिलं अक्षर तुटलं. बटण दाबा. श्वास घ्या. मग बोला."

लहर उठली. खरखर जराशी खाली बसली, आणि त्या मोकळ्या जागेत एक श्वास ऐकू आला, माडी चढून आलेल्या बाईचा.

"राजमती मगदूम. वडसंगी." थोडं थांबून, प्रत्येक अक्षर वेगळं करत त्या म्हणाल्या, "हे गेले. पूर आला त्या दिवशी सकाळीच गेले. एवढंच सांगायचं होतं."

संदेश मिळाला की तो परत म्हणून दाखवायचा, ही दुसरी रीत. नेत्राला ते कधीच जड गेलं नव्हतं.

"ऐकलं, काकू. तुमचा आवाज क्षीण आहे. खरखर फार आहे. तीन-दोन." तिनं बटण दाबूनच ठेवलं. "धनपाल अण्णा पुराच्या दिवशी सकाळी गेले. संदेश मिळाला."

"मिळाला ना?" काकूंनी विचारलं. "बरं."

मग एक जुना, खणखणीत आवाज मध्ये आला.

"नियंत्रण, मी कट्टी. मीही ऐकलं. विनापरवाना बोलण्याचा नियम मी बघून घेतो. तू मानपत्राचा शेवटचा परिच्छेद लिही. नाव पूर्ण लिही."

नेत्रानं "हो" म्हटलं आणि हजेरीतून एक नाव काढलं. मग रिवाजाप्रमाणे, कुणाला मध्येच काही सांगायचं असेल तर म्हणून, तिनं बटण सोडून वाहिनी मोकळी ठेवली. नुसती खरखर येत राहिली. ती कान देऊन ऐकत होती. या वेळी खरखरीत कुणीच नव्हतं.